बीएसए एम२० पुन्हा उभी करताना: सुटे भाग ओळखायचे कसे, मिळवायचे कुठून

बीएसए एम२० या जुन्या ब्रिटिश मोटारसायकलचा गंजका सांगाडा दारात आला की पहिल्याच आठवड्यात पिस्टन, गॅस्केट आणि चकचकीत टाकी मागवायचा मोह होतो. तो आवरा. पहिला महिनाभर एकही भाग मागवायचा नाही. या काळात फक्त मोजायचं, नंबर उतरवायचे आणि आपल्याकडे नेमकं काय आहे ते ठरवायचं. जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये भाग न मिळाल्यामुळे जेवढे पैसे जातात, त्यापेक्षा जास्त चुकीचा भाग मागवल्यामुळे जातात. सातासमुद्रापलीकडून आलेला भाग परत पाठवणं तर जवळजवळ अशक्यच असतं.

इथे एम२० धरून सांगितलं आहे, कारण लष्करासाठी बनलेली ही गाडी आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धानंतर डिस्पोजलमधून, म्हणजे लष्कराच्या जादा मालाच्या विक्रीतून, लोकांच्या हाती आली आणि तिचे सांगाडे अजून सापडतात. नॉर्टन १६एच, मॅचलेस जी३एल, एरिअल किंवा ट्रायम्फ असली तरी पद्धत हीच, फक्त नंबर आणि दुकानं बदलतात.

आधी गाडी ओळखा

एम२० बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यात बनली. इंजिन ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला), बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ८२ मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ९४. तिचीच मोठी बहीण एम२१: बोअर तोच, स्ट्रोक ११२, म्हणजे ५९१ सीसी. बाहेरून दोन्ही इंजिनं सारखी दिसतात, त्यामुळे एकदा हेड उघडून पिस्टन वर-खाली किती जातो ते खोलीमापकाने मोजल्याशिवाय खात्री धरू नका. युद्धकाळात सुमारे १,२६,००० एम२० बनल्या असं मानलं जातं. म्हणूनच हिचे भाग जगभर आजही मिळतात आणि पहिल्या रिस्टोरेशनसाठी ही गाडी चांगली आहे.

इंजिनाच्या आणि फ्रेमच्या नंबरातली सुरुवातीची अक्षरं पाहा. ‘डब्ल्यूएम२०’ म्हणजे युद्धकाळातली गाडी. ‘झेडएम२०’ म्हणजे युद्धानंतरची. पुढचा चिमटा गर्डर असेल, म्हणजे समांतर नळ्या आणि मध्ये एक मोठी स्प्रिंग, तर गाडी जुन्या घडणीची. टेलिस्कोपिक फोर्क १९४८पासून आले.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: या काळातल्या बीएसएच्या इंजिनाचा आणि फ्रेमचा नंबर कारखान्यातूनच वेगवेगळा असे. ‘मॅचिंग नंबर’ म्हणून जास्त किंमत सांगणारा विक्रेता भेटला आणि दोन्ही आकडे खरोखर एकच निघाले, तर कुणीतरी नंतर ठोकले असण्याचीच शंका घ्यावी. भिंगाखाली पाहा. नंबराच्या भोवतीचा पृष्ठभाग आजूबाजूच्या कास्टिंगपेक्षा गुळगुळीत किंवा खोलगट दिसला, तर तिथे घासकाम झालं आहे.

मग बाकीच्या वस्तूंचे नंबर. ॲमल कार्ब्युरेटरच्या बॉडीवर नंबर ठोकलेला असतो; एम२०ला २७६ मालिकेतला कार्ब्युरेटर हवा. लुकासच्या मॅग्डायनोवर (ठिणगी देणारा मॅग्नेटो आणि वीज बनवणारा डायनामो यांची जोडी) आणि डायनामोवर मॉडेलसोबत महिना-वर्ष ठोकलेलं असतं. ‘११ ४२’ म्हणजे नोव्हेंबर १९४२. फ्रेम १९४१ची आणि डायनामो १९५३चा निघाला तरी हरकत नाही, पण मग डायनामोचे ब्रश १९५३च्या मॉडेलचे मागवायचे हे तुम्हाला कळलं. ऐंशी वर्षांत या गाड्यांना नॉर्टनचा साइड स्टँड, मॅचलेसचा हँडल, बुलेटचा हेडलाइट असं काहीही लागलेलं असतं. त्यामुळे ‘एम२०ला लागणारा भाग’ आणि ‘माझ्या एम२०वर आत्ता असलेला भाग’ या दोन वेगळ्या गोष्टी समजून चाला.

खोलताना

प्रत्येक जोड सोडण्याआधी दोन फोटो काढा, एक लांबून आणि एक वॉशर दिसेल इतका जवळून. नटबोल्ट एका डब्यात टाकू नका. प्रत्येक जोडाची छोटी पिशवी करा आणि पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी आत ठेवा, कारण मार्करची शाई डिझेल लागलं की पुसली जाते.

मोडका, झिजलेला, अर्धा तुटलेला कुठलाही भाग भंगारात देऊ नका. नवा भाग बसून गाडी दोनशे किलोमीटर चालेपर्यंत जुना जपून ठेवायचा. मिस्त्रीला हे पहिल्याच दिवशी सांगा, कारण वर्कशॉप झाडताना सगळ्यात आधी मोडक्या भागांचाच डबा जातो. मोडक्या भागावरून माप घेता येतं, आट्यांची जात कळते, लेथवर नवा करता येतो. तो गेला की तुम्ही अंदाजावर आलात.

यादीत प्रत्येक भागासमोर एकच गोष्ट लिहा: दुरुस्त होणार, इथेच बनणार, इथल्या बाजारात तयार मिळणार, की ब्रिटनहून आणावा लागणार. शेवटचा रकाना जितका लहान तितकं काम स्वस्त आणि लवकर.

आटे: सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं

आपल्याकडे वर्कशॉपमध्ये बोल्ट सुतात मागतात. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, तीन सूत म्हणजे ३/८. पण सुताने फक्त जाडी कळते, आटे कळत नाहीत. आणि ५/१६ इंच जाडीचेच निदान पाच वेगवेगळे आटे या काळातल्या गाड्यांभोवती फिरत असतात.

व्हिटवर्थ, म्हणजे बीएसडब्ल्यू: इंचाला १८ आटे, कोन ५५ अंश. बीएसएफ: इंचाला २२, कोन ५५. सायकल इंजिनिअर्सचा आटा, ज्याला सीईआय म्हणतात: इंचाला २६, कोन ६०. अमेरिकन पद्धतीचा यूएनएफ: इंचाला २४, कोन ६०, हा ब्रिटिश गाड्यांत साठच्या दशकाच्या अखेरीस पसरला, एम२०वर तो असेल तर नंतर कुणीतरी घातलेला. यूएनसी: इंचाला १८, व्हिटवर्थइतकेच, पण कोन ६०.

आता आपल्या बाजारातला आठ एमएमचा बोल्ट पाहा. जाडी ८ मिलिमीटर, ५/१६ इंच म्हणजे ७.९४. फरक डोळ्यांना दिसत नाही. आट्याची पिच १.२५ मिलिमीटर, म्हणजे इंचाला साधारण २०. क्रँककेसच्या बीएसएफ भोकात हा बोल्ट बोटांनी दोन फेरे जातो, मग अडतो. पाना लावून आवळला की ‘बसला’. खरं तर त्याने ॲल्युमिनियमचे आटे कापत आपले आटे पाडलेले असतात, आणि पुढच्या वेळी तो बोल्ट आट्यांच्या चांदीसारख्या तारेसकट बाहेर येतो. आपल्याकडच्या बहुतेक एम२०चे क्रँककेस असेच खराब झालेले असतात.

म्हणून पहिली खरेदी भागांची नको, हत्यारांची करा: इंचाची थ्रेड गेज, ५५ आणि ६० अंश अशा दोन्ही पात्यांची, एक बरी वर्निअर, व्हिटवर्थ पान्यांचा संच. गेज वापरताना बोल्ट उजेडाकडे धरा आणि पातं आट्यांत टेकवून मागून येणारा प्रकाश पाहा. २२च्या आट्यांवर २४चं पातं ठेवलं तर पहिले दोन-तीन दाते बसल्यासारखे वाटतात, पण चौथ्या-पाचव्या दातापाशी उजेडाची बारीक फट दिसते. संपूर्ण पातं अंधारं दिसलं तरच माप बरोबर. १/४ इंचाला बीएसएफ आणि सीईआय दोन्हीत २६ आटे असतात, फरक फक्त कोनाचा. तिथे पातं खालपर्यंत टेकतं का ते दोन्ही पात्यांनी पडताळून पाहा.

पान्यांचं गणित वेगळं आहे. व्हिटवर्थ पान्यावर लिहिलेला आकडा बोल्टच्या दांड्याची जाडी असते, पान्याच्या तोंडाचं माप नसतं. रोज लागणारी मापं अशी:

३/१६ व्हिटवर्थ किंवा १/४ बीएसएफ: तोंड ०.४४५ इंच, ११.३ मिमी
१/४ व्हिटवर्थ किंवा ५/१६ बीएसएफ: ०.५२५ इंच, १३.३ मिमी
५/१६ व्हिटवर्थ किंवा ३/८ बीएसएफ: ०.६०० इंच, १५.२ मिमी
३/८ व्हिटवर्थ किंवा ७/१६ बीएसएफ: ०.७१० इंच, १८ मिमी
७/१६ व्हिटवर्थ किंवा १/२ बीएसएफ: ०.८२० इंच, २०.८ मिमी

सीईआय बोल्टांनाही बहुधा याच मालिकेतले पाने लागतात. १३चा पाना १/४ व्हिटवर्थला जात नाही, १४चा घसरतो आणि कोपरे गोल करतो. १८चा मात्र ३/८ला नीट बसतो, तेवढाच आपला फायदा.

विजेच्या वस्तूंवर बीए आटे, म्हणजे बारीक स्क्रूंचे ब्रिटिश आटे, असतात, कोन ४७.५ अंश. २ बीएची जाडी ४.७ मिलिमीटर, पिच ०.८१. आपला पाच एमएमचा स्क्रू ०.८ पिचचा. पिच जुळते म्हणून तो आत फिरतो, पण जाडीने जास्त असल्यामुळे पितळेचं भोक फाडतो. मॅग्नेटोच्या नाजूक भागात हे झालं तर दुरुस्ती फार महाग पडते.

फाटलेल्या भोकाला थेट मोठा टॅप मारू नका. हेलिकॉइलसारखे तारेचे इन्सर्ट बीएसएफ, व्हिटवर्थ आणि सीईआय मापांतही मिळतात. मूळ आटा परत मिळतो आणि पुढे कधीही मूळ बोल्ट बसतो.

भागाचा नंबर शोधणं

बीएसएने प्रत्येक मॉडेलची सचित्र पार्ट्स लिस्ट छापली होती. तिच्या प्रती, छापील किंवा स्कॅन केलेल्या, सहज मिळतात. आपल्या वर्षाची घ्या. एम मालिकेच्या भागांचे नंबर बहुतांशी ६६ने सुरू होतात, बीएसएच्याच बी३१ गटाचे ६५ने, दोन सिलिंडरच्या ए७ आणि ए१०चे ६७ने. पहिले दोन आकडे साधारणपणे तो भाग मुळात कोणत्या गटासाठी आखला ते सांगतात. म्हणून युद्धानंतरच्या एम२०च्या यादीत ६५चा नंबर दिसला तर घाबरू नका. उलट बरंच आहे: बी३१चे मालक जास्त, त्यामुळे तो भाग जास्त दुकानांत असतो. ट्रायम्फच्या जुन्या याद्यांत नंबराआधी अक्षर असे: ई म्हणजे इंजिन, टी म्हणजे गिअरबॉक्स-क्लच, एफ म्हणजे फ्रेम, डब्ल्यू म्हणजे चाक. पुढे त्यांना ७०, ५७, ८२, ३७ असे आकडे मिळाले, म्हणून एकाच भागाचे दोन नंबर सापडतात.

कास्टिंगवर उठून आलेला नंबर हा भागाचा नंबर नसतो. तो साच्याचा किंवा फोर्जिंगचा. एकाच ओतीव तुकड्यावर वेगवेगळी भोकं पाडून दोन मॉडेलांचे भाग झालेले असतात. तुटलेल्या भागावरचा उठावदार आकडा बघून ऑर्डर देणाऱ्याला चुकीचा भाग मिळतो तो यामुळे.

नंबर लागत नसेल तर जाणकारांना विचारा. ब्रिटनमधला व्हिंटेज मोटर सायकल क्लब १९४६पासून चालू आहे. बर्टन अपॉन ट्रेंटला त्याचं ग्रंथालय आहे, आणि बीएसए-ट्रायम्फसह अनेक कंपन्यांच्या जुन्या नोंदवह्या त्याच्याकडे आहेत. तुमच्या फ्रेम नंबरावरून गाडी कारखान्यातून कधी बाहेर पडली, कुणाकडे गेली, हे फी भरून विचारता येतं. बीएसए ओनर्स क्लब वेगळा, नॉर्टनचा वेगळा, एजेएस-मॅचलेसचा वेगळा. या शेवटच्या क्लबचं सभासदांसाठी स्वतःचं सुट्या भागांचं दुकानच आहे. परदेशातून सभासद होता येतं, आणि एका चुकीच्या पार्सलच्या खर्चात वर्गणी निघते.

ऑनलाइन गटांत प्रश्न टाकताना ‘एम२०चा क्लच पार्ट हवा’ एवढंच लिहिलं तर उत्तर येत नाही. इंजिन आणि फ्रेम नंबरातली अक्षरं, भागाचा फोटो साध्या पार्श्वभूमीवर वर्निअर लावून, आट्याची जात आणि इंचाला संख्या, पार्ट्स लिस्टमधला आकृतीचा क्रमांक, आणि आपण भारतात आहोत हे लिहा. पूर्ण नंबर जाहीर टाकू नका, शेवटचे दोन आकडे झाका. इतकी माहिती दिली की चाळीस वर्षं हीच गाडी चालवणारे लोक आपणहून मापं घेऊन पाठवतात.

ब्रिटनहून काय, कुणाकडून

आधी एक गैरसमज. आज ही नावं भारतीय मालकांकडे आहेत: बीएसए महिंद्राशी जोडलेल्या क्लासिक लेजेंड्सकडे, नॉर्टन २०२०पासून टीव्हीएसकडे, रॉयल एनफिल्ड आयशरकडे. पण शोरूममधल्या बीएसएच्या नव्या गोल्ड स्टार गाडीच्या यादीत एम२०चा एकही भाग नाही. जुनी बीएसए सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बुडाली, आणि जुन्या गाड्यांचे भाग तेव्हापासून स्वतंत्र दुकानदार आणि क्लबच सांभाळत आले आहेत. ट्रायम्फचंही तेच: हिंकलीची आजची कंपनी वेगळी, मेरिडेनची जुनी वेगळी.

बीएसए आणि एरिअलसाठी सफोकमधल्या बंगे गावचं ड्रॅगनफ्लाय हे जुनं नाव. ॲमल कार्ब्युरेटरचे हक्क सॉल्सबरीच्या बर्लन कंपनीकडे आहेत. जेट, सुया, फ्लोट, गॅस्केट सगळं मूळ मापाचं तिथून येतं. नॉर्टन कमांडोसाठी अँडोव्हर नॉर्टन, आणि रेडिचच्या रॉयल एनफिल्डसाठी हिचकॉक्स.

दुकानदाराच्या वर्णनातले दोन शब्द नीट समजून घ्या. ‘एनओएस’ म्हणजे त्या काळी बनलेला, न वापरलेला भाग. गिअर, स्पिंडल, टॅपेट असेल तर डोळे झाकून घ्या. पण ऑइल सील, रबर, कंडेन्सर, क्लचचं कॉर्क असेल तर घेऊ नका, कारण ते पाकिटात बसूनच म्हातारं झालेलं असतं. ‘पॅटर्न’ म्हणजे मूळ कंपनीने न बनवलेली नक्कल. गॅस्केट, केबल, पत्र्याच्या वस्तू पॅटर्न चालतात. क्रँकपिन, व्हॉल्व्ह, गिअर यांत पॅटर्न घेताना पोलाद कुठलं, कडक कसं केलं, हे विचारा आणि उत्तर टाळलं तर दुसरीकडे जा.

टाक्या, मडगार्ड, टूलबॉक्स यांच्या नकला आपल्याच दिल्ली-पंजाब भागात बनून ब्रिटनला जातात. त्या थेट इथून घेता येतात. पण तीन गोष्टी पाहून घ्या: टाकीच्या खालचा फ्रेमवर बसणारा खोबण पुरेसा रुंद आहे का, बसवायच्या भोकांमधलं अंतर जुन्या टाकीइतकं आहे का, आणि पेट्रोल कॉकचा आटा १/४ बीएसपी (ब्रिटिश पाइपचा आटा), इंचाला १९, असाच आहे का. पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. रंगानंतर गळती सापडली तर रंगाचा खर्च दुप्पट होतो.

पिस्टन मागवण्याआधी सिलिंडर वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडव्या-उभ्या दिशेने मोजा. मूळ बोअर ८२.०० मिलिमीटर. +०.०२० इंचाचा, म्हणजे तेवढ्या वाढीव मापाचा, पिस्टन ८२.५१ला, +०.०४० ८३.०२ला, +०.०६० ८३.५२ला. साइड व्हॉल्व्ह इंजिनात एक्झॉस्टच्या बाजूची भिंत जास्त तापते, म्हणून बोअर अंडाकृती होतो. वरवर मोजून ‘२० चालेल’ म्हटलं आणि खाली ओरखडा राहिला असं होतं. पिस्टन हातात येईपर्यंत रिबोअर, म्हणजे सिलिंडर कापून मोठा, करू नका; लेथवाल्याला पिस्टन आणि त्याच्यासोबतचा क्लिअरन्सचा आकडा दोन्ही द्या. रिंग गॅप दर इंच बोअरला ३ ते ४ थाउ (एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे इथे १० ते १३ थाउ. ६०च्याही पुढे गेला असेल तर बिडाची स्लीव्ह घालून मूळ ८२वर या, हे काम आपल्याकडे उत्तम होतं.

इथेच मिळणारं आणि बनणारं

टायर. युद्धकाळातल्या एम२०ला दोन्हीकडे ३.२५-१९, आणि हेच माप आपल्या जुन्या बुलेटचं. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. रिम घेताना मात्र हबची भोकं मोजा आणि स्पोकच्या भोकांचा कोन जुन्या रिमशी ताडून पाहा; संख्या जुळली तरी हब वेगळ्या व्यासाचा असेल तर स्पोक निपलपाशी वाकतात आणि तुटतात.

चेन: ५/८ × १/४ म्हणजे आजची ५२०, ५/८ × ३/८ म्हणजे ५३०.

बेअरिंगमध्ये फसगत ठरलेली. जुन्या बेअरिंगवर ‘एलजे१’ किंवा ‘एलएस१०’ असं लिहिलेलं सापडतं. हे दोन कंपन्यांचे नंबर, बेअरिंग एकच: आजचं आरएलएस८, मापं २५.४ × ५७.१५ × १५.८७५ मिलिमीटर. दुकानदार ‘पंचवीसचं आहे’ म्हणून ६२०५ देतो: २५ × ५२ × १५. ते शाफ्टवर जात नाही, मग कुणीतरी शाफ्टच घासतो, आणि एक चांगला शाफ्ट कायमचा जातो. इंचाची बेअरिंग मोठ्या औद्योगिक बेअरिंग विक्रेत्यांकडे नंबर सांगून मागवावी लागते. चार दिवस थांबा, पण शाफ्टला हात लावू देऊ नका.

बुश, स्पेसर, गर्डर चिमट्याचे चार स्पिंडल, व्हॉल्व्ह गाइड हे चांगला लेथवाला करतो, फक्त त्याला इंचाचे डाय आणि तुम्ही काढलेलं मापाचं चित्र द्या. ओतकामासाठी कोल्हापूर: शिवाजी उद्यमनगर आणि शिरोलीच्या फाउंड्री एक-दोन नगांचं कामही करून देतात, विचारलं तर. तिथे एक चूक हमखास होते. जुना भागच पॅटर्न म्हणून वाळूत दाबला जातो. धातू थंड होताना आकसतो, बीड साधारण १ टक्का, ॲल्युमिनियम सव्वा-दीड टक्का. दोन भोकांमध्ये १५० मिलिमीटर अंतर असेल तर नव्या बिडाच्या तुकड्यात ते १४८.५ येतं आणि तो बसतच नाही. आकसण्याची आणि मशिनिंगची वाढ धरून लाकडी किंवा छापलेला पॅटर्न करा, भोकं नंतर मूळ मापाने पाडा.

मुंबईचा चोर बाजार, कुर्ल्याचा भंगार बाजार, पुण्याचा जुना बाजार इथे अजूनही लुकासचा दिवा, स्मिथ्सचा मीटर हाती लागतो. वर्निअर, गेज आणि यादी खिशात असू द्या.

रंग-प्लेटिंगबद्दल एकच आग्रह. युद्धातल्या एम२०वर क्रोम नव्हतं. १९४२मध्ये मलाया जपानकडे गेल्यावर रबर दुर्मीळ झालं, म्हणून त्यानंतरच्या गाड्यांना कॅनव्हासच्या मुठी आणि उघडे लोखंडी फूटरेस्ट आले, टाकीवरचे गुडघ्याचे पॅड गेले. तुमची गाडी त्या काळातली असेल तर रबर ‘हरवलेलं’ नाही, ते कधी नव्हतंच. क्रोमचा तो खर्च मॅग्नेटोकडे वळवा.

मॅग्नेटो आणि कार्ब्युरेटर

गाडी थंड असताना पहिल्या किकला सुरू, दहा किलोमीटरनंतर बंद, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू: हे मॅग्नेटोचं दुखणं आहे, पेट्रोलचं नाही. आर्मेचरच्या, म्हणजे तारा गुंडाळलेल्या फिरत्या भागाच्या, आतला कंडेन्सर म्हातारा होतो, आणि तारांवरचं शेलॅक (लाखेचा लेप) दमट हवेत ओल धरतं व तापल्यावर वितळतं. कोकणात, मुंबईत हे लवकर होतं. नवं वाइंडिंग शेलॅकऐवजी इपॉक्सीत करणाऱ्याकडेच द्या.

आर्मेचर काढण्याआधी तीन गोष्टी बाहेर काढायच्या: हायटेन्शन पिकअप, अर्थ ब्रश आणि सेफ्टी गॅपचा स्क्रू. हा स्क्रू राहिला तर आर्मेचर ओढताना स्लिप रिंगची कड तडकते, आणि स्लिप रिंग ब्रिटनहूनच येते. आर्मेचर काढताना चुंबकाच्या दोन टोकांवर लोखंडी पट्टी ठेवा, नाहीतर जुनं चुंबक कमजोर पडतं. पॉइंट गॅप ०.०१२ इंच.

डायनामो तपासायला ‘डी’ आणि ‘एफ’ एकत्र जोडा, मीटर तिथून बॉडीला लावा आणि इंजिन जरा वाढवा. व्होल्टेज भराभर चढून सहाच्या वर गेलं तर डायनामो जिवंत आहे आणि दोष रेग्युलेटरमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे.

कार्ब्युरेटरचा पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवा. बुडबुडा आला तर तो गळका. टाका मारण्याआधी आतलं पेट्रोल पूर्ण काढा. टाका कमीत कमी ठेवा: जड झालेला फ्लोट खोल बसतो, पातळी वाढते आणि कार्ब्युरेटर ओसंडतो. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे टाकीतलं जुनं सीलंट मऊ होऊन जेटमध्ये येतं, रबरी नळ्या फुगतात. इथेनॉल सोसणारी नळी घ्या आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा.

पार्सल आणि कस्टम

ब्रिटिश दुकानाच्या किमतीत २० टक्के व्हॅट धरलेला असतो. निर्यातीला तो लावू नये असं ऑर्डर देतानाच विचारा. १२० पौंडांचा भाग १०० पौंडांना पडतो. आपल्याकडे ड्युटी भागाच्या किमतीवर नाही, तर किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागते, वर आयजीएसटी. म्हणून पाच छोट्या पार्सलांपेक्षा एक मोठं बरं. इनव्हॉइसवर खरी किंमत आणि स्पष्ट वर्णन हवं: मोटारसायकलचे भाग ८७१४, इंजिनाचे ८४०९, बेअरिंग ८४८२, मॅग्नेटो ८५११ या शीर्षकांखाली येतात. ‘गिफ्ट’ किंवा खोटी कमी किंमत लिहून घेऊ नका, पार्सल अडकतं. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर बंधनं आहेत, म्हणून जुना वापरलेला भाग मागवण्याआधी कस्टम एजंटला विचारा. लंडनहून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत जुना कार्ब्युरेटर किंवा टाकी द्यायची असेल तर पेट्रोलचा वास पूर्ण गेलेला हवा. वास आला की विमानतळावर ती वस्तू काढून टाकतात.

कागद

२०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, मात्र चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नको. अर्ज फॉर्म २०वर, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, फेरनोंदणीची ५,०००, मुदत १० वर्षं. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते. ज्यांची जुनी आरसी चालू आहे आणि गाडी रोज फिरवायची आहे, त्यांनी हा पर्याय घेण्याआधी विचार करावा. बाहेरून आणलेल्या प्रत्येक भागाचं बिल आणि कस्टमची पावती फाइलला लावा.

आणि फ्रेम पावडर कोटिंगला देण्याआधी नंबरावर मास्किंग टेप लावा. तपासणीला पेन्सिलने कागदावर नंबराचा ठसा घेतात, आणि पावडरचा जाड थर बसला की खोबणी भरून जातात; मग तो थर खरवडताना आकड्यांच्या कडाही जातात, आणि घासलेला नंबर ऐंशी वर्षांचा खरा असला तरी तपासणाऱ्याला खोटाच दिसतो. त्या जागी पातळ प्रायमर आणि ब्रशने दिलेला एक हात रंग पुरे.